वाजवणाऱ्याचे नाव

गेल्या हिवाळ्यात महिनाभर बंगळुरूला मुलाकडे राहून आलो. निवृत्त मास्तर मुलाच्या घरी गेला की पहिले चार दिवस कौतुकाचे असतात. पाचव्या दिवसापासून सगळे आपापल्या कामाला लागतात आणि म्हातारा गॅलरीत बसून खालची रहदारी मोजतो. माझीही तीच गत झाली होती. शेवटी अकरावीतल्या नातीला दया आली.

"आबा, उद्या तुम्हाला गाण्यांचं म्युझियम दाखवते," ती म्हणाली.

"गाण्यांचं म्युझियम कसं असेल गं? गाणं काय काचेच्या कपाटात ठेवता येतं?"

"चला तर खरं!"

तर हा लेख त्या सहलीचा. नुसते प्रवासवर्णन असते तर लिहायला बसलो नसतो. पण तिथून आल्यापासून एक जुनी गोष्ट डोक्यात घोळते आहे आणि ती सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

* * *

नांदेडहून बंगळुरूला थेट गाडी आहे. पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, लातूर रोड, उदगीर, बिदर करत ती दक्षिणेकडे उतरते. माझी सगळी नोकरी नांदेड आणि लातूरच्या मधल्या, लोहा-अहमदपूर भागातल्या खेड्यांत झाली, त्यामुळे यातले प्रत्येक स्टेशन ओळखीचे. गंगाखेड आले की आमची ही खिडकीतून हात जोडते. जनाबाईंचे गाव ना! नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी एक दासी. तिला जाऊन सुमारे सातशे वर्षे झाली. पण तिचे अभंग आजही म्हटले जातात आणि अभंगाच्या शेवटी तिचे नाव येते. राजांची नावे पाठ करायला आम्ही पोरांना छड्या मारल्या. या दासीचे नाव कुणी न शिकवता बायकांच्या तोंडी राहिले. हे नावाचे प्रकरण जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्युझियमचे नाव 'इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स'. जे. पी. नगरमध्ये आहे. तिथल्या ब्रिगेड या बांधकाम उद्योगसमूहाच्या पाठबळावर उभे राहिले आणि २०१९ साली लोकांसाठी खुले झाले. संग्रहालय म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे अंधारी दालने, धूळ खात पडलेल्या तलवारी आणि 'हात लावू नये' अशी पाटी येते. इथे सगळा उलटा प्रकार. बाहेर अंगणात दगडाच्या, धातूच्या मोठमोठ्या वस्तू मांडलेल्या आहेत. त्या वाजवून बघायच्या, म्हणजे नाद कसा उमटतो ते कळते. पोरे तर पोरे, माझ्या वयाचे लोकही टणाटण वाजवत होते. मीही वाजवून घेतले. पस्तीस वर्षे शाळेची घंटा ऐकण्यात गेली, हाताने वाजवण्याची हौस तिथे फिटली.

आत शास्त्रीय संगीत आहे, लोकसंगीत आहे, सिनेमाची गाणी आहेत, स्वातंत्र्यलढ्यातली गाणी आहेत, आजची बँडवाली पोरेही आहेत. कानाला ते हेडफोन लावायचे, पडद्यावर बोट टेकवायचे, की गाणे सुरू. शंभराहून अधिक वाद्ये एका दालनात मांडली आहेत. आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापासून वाद्यांचे चार वर्ग सांगतात: तारेची, फुंकायची, चामड्याची आणि टाळ-घंटेसारखी घन वाद्ये. बी.ए.ला असताना हे कुठेतरी वाचले होते, तेव्हा ते परीक्षेपुरते होते. इथे वाद्ये डोळ्यांनी पाहिल्यावर वर्गीकरणाचा अर्थ कळला. वाद्य कोणाचे, राजाचे की रंकाचे, याच्याशी भरतमुनींना कर्तव्य नाही. नाद कशातून निघतो एवढेच ते विचारतात.

आमच्या गावात मात्र वाद्य कोणाचे, हाच पहिला प्रश्न असे. त्याच्याकडे येतोच.

* * *

जुन्या तबकड्यांच्या भागात मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो. नात कंटाळून पुढे गेली.

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग नावाचा माणूस विलायतेहून कलकत्त्याला आला आणि एका हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून त्याने इथल्या गायकांचे आवाज भरून घेतले. त्यात गौहर जान होती. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गायचे, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. वेळ जेमतेम तीन मिनिटे. ज्या गाण्याला मैफलीत तासभर लागायचा ते तीन मिनिटांत बसवायचे. हे गौहर जानला फार लवकर साधले. आज सिनेमाचे गाणे तीन-चार मिनिटांचे असते, त्याची सवय आपल्याला त्या तबकड्यांनी लावली.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. गाणे संपले की शेवटी गौहर जान इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगते. पहिल्यांदा ऐकताना हा ठसका वाटतो. खरे कारण साधे होते. मेणाच्या त्या मुद्रिका जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथे तबकड्या निघायच्या. तिथल्या कारागिरांना आपली भाषा कळत नव्हती. कोणती तबकडी कोणाची, हे कळून लेबल चिकटवता यावे म्हणून गायकाने नाव सांगायचे. कारखान्याच्या सोयीसाठी सांगितलेले ते नाव सव्वाशे वर्षे टिकले! तिच्याबरोबरीच्या आणि तिच्याआधीच्या कितीतरी गाणाऱ्या बायकांची नावे काळाच्या पोटात गडप झाली. ही गौहर जान शेवटी म्हैसूर दरबारच्या आश्रयाला होती आणि १९३० साली म्हैसूरलाच गेली. म्हणजे मी उभा होतो तिथून फार दूर नाही.

कानातले यंत्र काढले आणि मनात आले, आपल्याकडे कवीने शेवटच्या ओळीत नाव घालायची पद्धत त्याच कामाची. संत नाव घालत, शाहीर घालत. ते गाण्याचे लेबलच. लिहिणाऱ्याचे नाव राहिले. तबकडी आल्यावर गाणाऱ्याचेही राहिले.

पण वाजवणाऱ्याचे?

या प्रश्नापाशी मी अडकलो आणि एकदम १९८६ साल आठवले.

* * *

त्या वर्षी शाळेची सहल घेऊन आम्ही पुण्याला गेलो होतो. तुळजापूर, पंढरपूर, जेजुरी, पुणे, आळंदी असा नेहमीचा फेरा. लाल एस.टी., पन्नासेक पोरे, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायचेच असा माझा हट्ट होता.

त्या संग्रहालयाची गोष्ट मी एस.टी.तच पोरांना सांगितली होती. दिनकर गंगाधर केळकर हे पुण्यातले चष्म्याचे दुकानदार. कविताही करीत, 'अज्ञातवासी' या नावाने. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला, तो १९९० साली डोळे मिटेपर्यंत सुटला नाही. अडकित्ते, दिवे, दौती, कोरीव दरवाजे, बाहुल्या, वाद्ये, जे सामान्य माणसाच्या घरात वापरात होते ते त्यांनी गावोगाव फिरून, पदरचे पैसे घालून जमवले. वीस हजारांवर वस्तू झाल्या. त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात. १९६२ साली संग्रहालय लोकांना खुले झाले आणि १९७५ साली हा सगळा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. संग्रहालयाला नाव दिले ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे. स्वतः 'अज्ञातवासी' राहिले आणि पोराचे नाव दारावर लावले. ही गोष्ट सांगताना दरवेळी माझा आवाज कापायचा, आणि पोरे गप्प व्हायची.

तर संग्रहालयात आम्ही वाद्यांच्या दालनात आलो. नववीतला एक मुलगा, अभ्यासात हुशार, वर्गात मात्र कधी तोंड न उघडणारा, एका चामड्याच्या वाद्यापुढे थांबला. बाकीचे पुढे गेले तरी हा हलेना. मी मागे वळून विचारले, "काय रे, काय बघायलास?"

तो हळूच म्हणाला, "सर, हे शेकल्याबिगर वाजत नसतंय."

मी म्हटले, "म्हणजे?"

आणि त्या न बोलणाऱ्या पोराने मला चांगली पाच मिनिटे शिकवले. हलगीचे कातडे बकरीचे असते. थंडीत, पावसात ते सैल पडते. मग कडबा नाहीतर कागद पेटवून हलगी त्या जाळावर धरायची, फिरवत राहायचे, एका जागी धरली तर करपते. बोटाने टिचकी मारून बघायचे. आवाज टणक आला की झाले. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. लग्नाचा हात वेगळा, पोळ्याचा वेगळा, देवीपुढचा वेगळा आणि मयताच्या पुढे वाजवायचा वेगळा. हे सगळे त्याने हवेत बोटे नाचवत सांगितले.

मी थक्क झालो. मास्तराला असा मुलगा सापडला की सोन्याची खाण सापडल्यासारखे वाटते. परत येताना एस.टी.तच मी ठरवून टाकले, या वर्षीच्या स्नेहसंमेलनात याची हलगी ठेवायची.

* * *

इथे थोडे थांबून, ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामी राजवटीत हैदराबादला आणि औरंगाबादला रेडिओ केंद्रे होती, ती १९५० साली आकाशवाणीकडे आली. पण माझ्या लहानपणच्या खेड्यात रेडिओ म्हणजे एखाद्या वाड्यात असायची चीज. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण लागले तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक रेडिओला हार घालत असे म्हणतात. आमच्या गावाने ते पुढे कितीतरी वर्षांनी ऐकले. आमच्याकडे गाणे माणसांबरोबर चालत यायचे.

माहूरच्या रेणुकेचे आणि तुळजापूरच्या भवानीचे गोंधळी यायचे. संबळ, तुणतुणे, हातात दिवटी. परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्यांनी हाच गोंधळ पुढे दूरदूर नेला. खंडोबाचे वाघ्या-मुरळी यायचे, दिमडी आणि घाटी घेऊन. पोतराज यायचा, अंगावर आसूड ओढत. पहाटे वासुदेव. औशाला नाथ संस्थानात चक्रीभजन, नांदेडला गुरुद्वाऱ्यात शबद-कीर्तन. आणि मार्गशीर्षाच्या अखेरीला माळेगावची यात्रा! नांदेड-लातूर रस्त्यावरच, लोहा तालुक्यात. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार आणि तमाशाचे फड. रात्रभर ढोलकी घुमायची. या यात्रेला जाऊन आलेला माणूस पुढे वर्षभर तिथल्या गोष्टी सांगत राहायचा.

आणि गावाची अशी स्वतःची हलगी. लग्न, पोळा, जत्रा, मयत, काहीही असो. सरकारी हुकूम असला तर तोही हलगी वाजवून. दवंडी म्हणजे आमचे आकाशवाणीचे केंद्रच. पण गोंधळ घालायचा तो गोंधळ्याने, हलगी वाजवायची ती मांगवाड्यातल्या माणसाने, हे ठरलेले. वाद्य आवडते म्हणून कुणी ते हातात घेत नव्हते आणि आवडत नाही म्हणून खाली ठेवायची सोय नव्हती. बदल्यात बलुते, म्हणजे खळ्यावरचे धान्य. तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. मुरळीचे तर आणखी कठीण. मुलगी देवाला वाहायची आणि जन्मभर नाचवायची. मुंबई इलाख्यात अशा प्रथांविरुद्ध १९३४ साली कायदा झाला, तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो.

हे सगळे मला तेव्हा माहीत नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. माहीत होते. पण माहीत असणे आणि कळणे यात अंतर असते, हे मास्तराला तरी वेगळे सांगायला नको.

* * *

सहलीहून आल्यावर दोन-तीन दिवसांत त्या मुलाचे वडील शाळेत आले. दाराबाहेर चप्पल काढून उभे राहिले. मी आत बोलावले तरी उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

आज लिहिताना मी 'आले' लिहितो आहे. त्या दिवशी मी त्यांना 'ये' म्हणालो होतो. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस. सगळे गाव त्यांना अरे-तुरे करी, मीही करीत होतो. शाळेत समतेवर भाषण देणारा मी! असो.

ते म्हणाले, "गुरुजी, पोराच्या हातात तुमी पुस्तक दिलाव, लई उपकार झाले. आता हलगी नका देऊ."

मी म्हणालो, "अरे, कला आहे ती! त्यात लाज कसली?"

"तुमच्यासाठी कला हाय, गुरुजी. आमच्यासाठी बोलावणं हाय. बोलावणं आलं की जावं लागतंय. चाळीस वरसं लग्नात वाजवलो, मांडवात कधी बसलो नाही."

एवढे बोलून ते गेले. मला राग आला, खोटे कशाला बोलू. एवढी मोठी कला घरात आणि या माणसाला तिची किंमत नाही, असे मी शिक्षकांच्या खोलीत बोललोसुद्धा. स्नेहसंमेलनात मग दुसऱ्याच एका मुलाने हलगी वाजवली. आमच्यातल्याच एका शिक्षकाचा मुलगा. हौसेने शिकला होता, बरी वाजवली. टाळ्या पडल्या, पहिले बक्षीस मिळाले. मंडपाच्या अगदी मागे, दोरीच्या पलीकडे, ते वडील उभे होते. त्यांनी टाळी वाजवली की नाही, ते मी पाहिले नाही.

* * *

त्यांच्या बोलण्यामागे केवढा इतिहास उभा होता, हे मला पुढे वाचनातून हळूहळू उलगडत गेले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी लोकांना सांगितले होते की हलकी मानलेली, लाचारीची कामे टाकून द्या. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेकांनी देवीदेवतांच्या नावाने अंगावर आलेली वादनाची, नाचण्याची कामे सोडली. आपण संस्कृतीचे अभ्यासक याला 'लोककलेचा ऱ्हास' म्हणतो आणि हळहळतो. ज्याच्या खांद्यावरून ओझे उतरले त्याला ऱ्हास वाटेल का?

पण गंमत बघा, गाणे सुटले नाही! अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कला पथक काढले. अण्णा भाऊ मांग समाजातले. तमाशा त्यांना वारशाने मिळाला होता. त्याचे त्यांनी कामगारांचे लोकनाट्य केले. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून बाबासाहेबांची गाणी लिहिली आणि गायली. वाद्ये तीच, ढोलकी, तुणतुणे, डफ. फरक एवढाच की आता कुणाचे बोलावणे नव्हते. आपले आपण ठरवून वाजवायचे.

मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली १९६३ साली, आमच्याकडे ती घरोघर पोचली ऐंशीच्या दशकात. तबकडी काढायची तर मोठी कंपनी हवी, मोठे भांडवल हवे, आणि कोणाचा आवाज विकला जाईल ते कंपनी ठरवणार. कॅसेट स्वस्त. छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या आणि ज्यांना कुणी दारात उभे केले नसते ते गायक बाजारात आले. नांदेडच्या, लातूरच्या एस.टी. स्टँडबाहेर कॅसेटची दुकाने लागलेली मला स्वच्छ आठवतात. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एका दुकानातून विठ्ठलाचे गाणे गाई आणि दुसऱ्या दुकानातून भीमगीत. विठ्ठल उमप होते. कॅसेटच्या कव्हरावर फोटो आणि खाली ठळक नाव! मला वाटते, आपल्याकडच्या लोकप्रिय संगीताच्या इतिहासात या कव्हरांना गौहर जानच्या लेबलाइतकेच महत्त्व आहे. पिढ्यान्‌पिढ्या बिननावाने गाणाऱ्या घरांतली नावे पहिल्यांदा छापून आली आणि लोकांनी ती पैसे देऊन घरी नेली.

हा काळ आमच्याकडे साधा नव्हता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. सोळा वर्षे. एका नावासाठी! नावाला काय महत्त्व, असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. पोचिरामांचे नाव मी पाठ्यपुस्तकात कधी शिकवले नाही, ते पुस्तकात नव्हतेच. ते मी गाण्यात ऐकले, रस्त्याने जाताना, लाउडस्पीकरवरून.

* * *

बंगळुरूच्या त्या दालनात उभा राहून हे सगळे आठवत होतो. नात शोधत आली. "आबा, एवढं काय वाचताय?" वाद्यांखालच्या पाट्या वाचतोय म्हटले.

म्युझियमला मी नावे ठेवत नाही. एवढे प्रेमाने, एवढे नीट मांडलेले संगीत मी पूर्वी पाहिले नव्हते. उलट एक विचार असा आला की म्युझियम ही एकच जागा आहे जिथे वाद्य खऱ्या अर्थाने मोकळे झालेले असते. तिथे वीणा आणि ढोल शेजारी शेजारी असतात, दोघांवर सारखाच उजेड. कुणी विचारत नाही की हे कुणी वाजवायचे. भरतमुनींनी केली तशी निव्वळ नादाची विचारपूस. पण वाद्य मोकळे झाले ते वाजवणाऱ्यापासूनही मोकळे झाले, हे कसे विसरायचे? शेकणारा हात गेला की कातडे मुके झाले. कुठल्याही संग्रहालयात वाद्याचे नाव असते, प्रांत असतो, लाकूड कोणते ते असते. हे विशिष्ट वाद्य कोणाच्या गळ्यात होते, तो कोणत्या मांडवाबाहेर उभा राहिला, हे जमवणाऱ्यालाही बहुधा कुणी सांगितलेले नसते. गावानेच ते नाव कधी विचारले नाही, तर संग्रहालय कुठून आणणार?

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मुलाच्या घराखालून एक मिरवणूक चालली होती. गॅलरीतून ऐकले आणि उठूनच उभा राहिलो. हलगी! तिथे तिला तमटे म्हणतात. तेच गोल कडे, त्याच दोन काड्या, तोच छातीत बसणारा ठोका. तमिळ मुलखात तिची बहीण पराई. इंग्रजीत वाळीत टाकलेल्या माणसाला जो शब्द आहे, तो याच वाद्यावरून पडलेल्या जातीच्या नावावरून गेला आहे. म्हणजे एका वाद्याने आपल्या वादकांबरोबर जगाच्या शब्दकोशात जागा मिळवली, तीही अशी!

* * *

नांदेडला परतल्यावर त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता पन्नाशी ओलांडलेला. लातूरला एका कार्यालयात चांगल्या हुद्द्यावर आहे. दिवाळीला न चुकता फोन करतो. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. त्याला म्युझियमचे सगळे सांगितले. केळकर संग्रहालयातली ती पाच मिनिटे सांगितली, त्याला आठवत होती. मग जे चाळीस वर्षे सांगायचे राहिले होते तेही सांगितले. म्हटले, "तुझ्या वडिलांना मी त्या दिवशी 'ये' म्हणालो. 'या' म्हणायला हवं होतं. आणि त्यांचं म्हणणं खरं होतं."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, बाबांची हलगी आहे माझ्याकडे. माळ्यावर. टाकवत नाही. भिंतीला लावा म्हणते पोरगी, पण लावत नाही मी. कोण कोण घरी येतं."

मग त्याने विचारले, "सर, तिथं वाजवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं का हो?"

मी म्हटले, "आपण लिहू. मी यावर लेख लिहिणार आहे. त्यात तुझ्या वडिलांचं पूर्ण नाव लिहितो, गावासकट."

मला वाटले होते त्याला आनंद होईल.

"नको, सर," तो म्हणाला. "लेख लिहा. नाव नको. माझं नको आणि बाबांचंही नको. आडनाव एकच आहे ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. संविधान येऊन पंचाहत्तर वर्षे झाली, विद्यापीठाला नाव मिळून तीस वर्षे उलटली, आणि चांगल्या हुद्द्यावरचा माझा विद्यार्थी बापाची हलगी माळ्यावर ठेवतो, कारण घरी कोण कोण येते. त्याची भीती खोटी आहे असे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून हा लेख वाजवणाऱ्याच्या नावाबद्दल असूनही त्यात ते नाव नाही. ते मला माहीत आहे. माझ्या वहीत लिहून ठेवले आहे, गावासकट, हलगीचे चारही हात त्याने सांगितले तसे. ज्या दिवशी तो 'लिहा' म्हणेल, किंवा त्याची मुलगी म्हणेल, त्या दिवशी इथेच, या लेखाच्या खाली, ते लिहीन. तोपर्यंत जागा मोकळी ठेवली आहे.

असो. फार लांबले. पण तुमच्या गावात अजून कुणी जुना वादक असेल, हलगीवाला, संबळवाला, सनईवाला, तर त्याच्या कलेचे कौतुक करण्याआधी एक करा. त्यांना 'या, बसा' म्हणा, मांडवाच्या आत. आणि नाव विचारा.